हयातीचा दाखला

नोव्हेंबरात एकदा सदरच्या बँकेत जायचं,
आपण जिवंत आहोत असं सांगून यायचं.
काउंटरवरचा पोरगा कागद न बघताच विचारतो,
"मिस्टरांची पेन्शन ना, आजी?"
"माझीच आहे जी."
तो मग कागद बघतो. मग मला.
कॅप्टन द्रुपदा रंगारी, निवृत्त.
मिस्टर नव्हतेच कधी, हे कागदावर नाही.

"अंगठा ठेवा."
ठेवते. मशीन लाल होतं.
"पुसून ठेवा." पुसते. लाल.
दहाही बोटं करून झाली.
स्पिरिट, कार्बोलिक, उकळत्या पाण्यातल्या सिरिंजा.
रेषा तिकडेच कुठं राहिल्या असतील,
एकाहत्तरच्या डिसेंबरात, सीमेलगतच्या त्या शाळेत,
जिथं फळ्यावर भागाकाराचं एक गणित अर्धं होतं
आणि आम्ही ते पुसलं नाही.
त्याच्याच बाजूला खडूनं लिहीत गेलो:
किती आले, किती मागे धाडले,
आणि तिसरा रकाना, बिननावाचा.

लोक विचारतात, भीती नाही वाटली?
थंडी वाटायची. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या पोरीला
ती ओली थंडी ठाऊकच नव्हती.
बँडेज धुवून वाळत घालावीत,
सकाळी दवानं पुन्हा भिजलेली.
पाय सुजून बुटात मावत नसत.
हे सांगितलं की ऐकणाऱ्यांचा चेहरा पडतो.
त्यांना तोफा हव्या असतात.

तोफा होत्या. त्या बाहेर होत्या.
आत दोन स्ट्रेचरं होती आणि मी एकटी.
डॉक्टर पलीकडच्या वर्गात, कोपरापर्यंत लाल.
आधी कुणाला आत न्यायचं ते मीच सांगायचं.
दोघांनाही पोटात. दोघंही विशीतले.
एक गप्प.
दुसरा म्हणाला, "बाई, लय तहान लागून रायली न."

लागून रायली.
त्या अख्ख्या मुलखात, महिनाभरात,
कानावर पडलेलं घरचं पहिलं क्रियापद.
माझे पाय तिकडे वळले.
मी वळवले असं म्हणत नाही.
नाही वळवले, असंही म्हणत नाही.
पोटाच्या जखमेला पाणी देत नाहीत,
ओला बोळा ओठांवर फिरवला, म्हटलं,
"थांब बापू, तुला आधी नेते."

काटोलचा निघाला, नत्थू ढोके.
गुंगीतही त्याला बगीच्याचीच काळजी,
आंबिया बहार तोडाले आला असंन.
जगला.
गप्प होता त्याच्या गळ्यातली चकती वाचली मी नंतर.
अक्षरं लागली, नाव नीट उच्चारता आलं नाही.
त्याची तहान कोणत्या भाषेत होती
ते अजून मला माहीत नाही.

सुट्टीवर इंदोऱ्याला आले
तर पहाटे एम्प्रेस मिलचा भोंगा झाला
आणि मी खाटेखाली.
बाबा आधी हसले.
मग डबा बाजूला ठेवून माझ्याशेजारी
जमिनीवर बसले, तसेच, काही न बोलता.
त्यांची पाळी चुकली त्या दिवशी.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

नत्थू दर डिसेंबरात पेटी धाडायचा.
मी गल्लीभर वाटायची, एक फळ सोललं नाही.
शेजारीण म्हणे, "काऊन वं, नागपूरची असून संत्रं आवडत नाही?"
तीन वर्षांमागे पेटीऐवजी फोन आला, त्याच्या पोराचा.
"बाबा गेले जी. बाईंनी मला आधी नेलं, म्हणत असत."
म्हणजे त्यालाही माहीत होतं.
पन्नास वर्षं पेटीवर त्यानं नुसता पत्ता लिहिला,
चिठ्ठी कधी घातली नाही.

"आजी, डोळा चालेल," पोरगा म्हणतो,
छोटा कॅमेरा जवळ आणतो. "उघडा ठेवा. हलू नका."
डाव्या हातानं पापणी वर, उजव्या हातात बॅटरी,
हे काम माझं होतं कधी.
त्या गप्प पोराचा डोळा मी असाच उघडला होता.
तपकिरी. उजेडात बारीक झाला नाही.

मशीन हिरवं होतं.
"झालं आजी,
आता वर्षभर काळजी नाही."